व्हॉल्व्हच्या गिटार ॲम्पची घूं: दुरुस्ती करूनही परत येत असेल तर या क्रमाने बघा

“भाऊ, नुसतं घूं करायलंय. मागच्या साली कॅपॅसिटर बदलले, पावसाळाभर चांगलं चाललं, आता पुन्हा तेच.” व्हॉल्व्हची, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांची, मशीन मराठवाड्यात आता मोजकीच उरलीत. काही जुन्या ऑर्केस्ट्रा पार्ट्यांकडे, काही चर्चच्या वादकांकडे, काही हौसेने मुंबई-पुण्याहून आणलेली. माझ्याकडे येतात ती बहुतेक हीच तक्रार घेऊन, आणि बहुतेकांचे कॅपॅसिटर आधी एकदा तरी बदललेले असतात. पावसाळाभर का चांगलं चाललं, ते अर्थिंगपाशी सांगतो.

आधी लक्षण ओळखा

सगळ्याच आवाजाला लोक ‘घूं’ म्हणतात. पण कान देऊन ऐकलं तर प्रकार वेगळे निघतात.

- व्हॉल्यूम शून्यावर असतानाही एकसारखी, जाड घूं. बटण फिरवून काही फरक पडत नाही.
- व्हॉल्यूम वाढवला की वाढणारी घूं.
- घूं नव्हे, कानात टोचणारी ‘झीं’. दिवे लागले की जास्त.
- गिटार वाजत नसतानाही फोडणीत मोहरी तडतडावी तशी तडतड.
- पहिली दोन गाणी छान, मग हळूहळू आवाज बसत जातो.
- डब्याला टिचकी मारली की स्पीकरमधून ‘टण्ण’.
- आउटपुट व्हॉल्व्हच्या आतला राखाडी पत्रा लाल दिसतो, किंवा फ्यूज उडतो.

शेवटचं लक्षण असेल तर पुढचं वाचत बसू नका, आधी बटण बंद करा. बाकीच्यांसाठी खालचा क्रम. पहिल्या तीन गोष्टींना पेचकससुद्धा लागत नाही.

गिटारची पिन काढा

ॲम्प चालू, व्हॉल्यूम नेहमीचा, आणि इनपुटमधून पिन बाहेर. जुन्या बहुतेक ॲम्पच्या जॅकमध्ये अशी पत्ती असते की पिन निघताच इनपुट आपोआप अर्थ होतो. पिन काढल्यावर घूं गेली, तर ॲम्प निर्दोष आहे. दोष केबलचा, पेडलचा नाहीतर गिटारचा.

केबल दुसरी लावून बघा. पेडल असतील तर त्यांचा ॲडॉप्टर काढून ९ व्होल्टची बॅटरी घाला. स्वस्त ॲडॉप्टरनं घूं घातलेली आणि माणसं पूर्ण ॲम्प उचलून घेऊन आलेली, असं सारखं होतं. सिंगल कॉइल पिकअपची गिटार असेल तर ती गळ्यात घेऊन जागेवरच सावकाश गोल फिरा. एका दिशेला तोंड केलं की ‘झीं’ कमी होत असेल तर पिकअप हवेतलं ओढून घेतंय. मंडपातल्या दिव्यांच्या माळा, त्यांचा डिमर, जुन्या ट्यूबलाइटचा चोक, ही तिथली नेहमीची कारणं. त्यावर उपाय म्हणजे लांब उभं राहणं. दुरुस्ती नाही.

सॉकेटमध्ये किती व्होल्ट येतात ते मोजा

आपल्याकडे घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा धरतात. प्रत्यक्षात रब्बीत गव्हा-हरभऱ्याला पाणी चालू असतं तेव्हा एकाच डीपीवर सगळ्या मोटारी ओढत असतात आणि व्होल्टेज १९० ला येतं. मोटारी बंद झाल्या की तेच २५० च्या घरात जातं. टीव्ही किंवा मोबाइलच्या चार्जरला याचं काही वाटत नाही, कारण त्यांची सप्लाय स्वतःला जुळवून घेते. व्हॉल्व्हच्या मशीनमध्ये साधा ट्रान्सफॉर्मर असतो. आत जे आलं त्याच प्रमाणात बाहेर जातं.

१२एएक्स७ (छोटा, सुरुवातीच्या पायऱ्यांचा व्हॉल्व्ह) किंवा ईएल८४ (आउटपुटचा) यांच्या फिलामेंटला, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेला, ६.३ व्होल्ट लागतात, दहा टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे साधारण ५.७ ते ६.९. लाइन १९० ला आली की फिलामेंटला ५.२ मिळतात. आवाज बसतो, मरगळतो. ‘दोन गाण्यांनंतर आवाज बसतो’ या तक्रारीत मी सगळ्यात आधी मीटर सॉकेटमध्ये घालतो, ॲम्पकडे नंतर वळतो.

उलट बाजू जास्त घातक. जुन्या विलायती ॲम्पच्या मागे व्होल्टेज निवडायची चकती असते. ती २२० वर आणि लाइन २५० असेल तर फिलामेंटला ७.१ च्या वर आणि ३५० व्होल्टच्या हाय टेन्शनला (व्हॉल्व्हना लागणाऱ्या मोठ्या डीसी व्होल्टेजला) जवळजवळ ४०० मिळतात. शिवाय एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर डायोडचा किंवा लवकर तापणारा असेल, तर बाकीचे व्हॉल्व्ह गरम होऊन करंट ओढायला लागेपर्यंतचे काही सेकंद हा आकडा आणखी वर असतो. ४५० व्होल्टचा कॅपॅसिटर रोज असा ताणला गेला तर नवा घाला नाहीतर जुना, तो फार दिवस काढणार नाही. चकती सर्वात वरच्या आकड्यावर, म्हणजे २४० किंवा जो असेल त्यावर ठेवा. फुकटचं काम आहे आणि दहा दुरुस्त्या वाचवतं.

ॲम्प अमेरिकेचा, १२० व्होल्टचा असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. तो ॲम्पवर लिहिलेल्या वॅटपेक्षा बराच मोठा घ्या. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर मात्र व्हॉल्व्हचा ॲम्प चालवू नका. ‘झीं’ येते, ट्रान्सफॉर्मर तापतो आणि लाइट आली की सगळं ठीक होतं, त्यामुळे दोष सापडतच नाही.

अर्थिंग

इथे थोडं जास्त लिहितो, कारण घूं परत परत येण्याचं आपल्या भागातलं मोठं कारण हेच आहे.

काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगाळते. अर्थिंगच्या खड्ड्यातली पट्टी किंवा पाइप भोवतालच्या मातीपासून सुटतो. ओल गेलेली माती वीज नीट वाहू देत नाही, तो भाग वेगळाच. मार्चपासून अर्थिंग कमजोर होत जातं आणि घूं सुरू होते. माणूस मे महिन्यात मशीन दुरुस्तीला टाकतो, जूनमध्ये घेऊन जातो, पाऊस पडतो, घूं जाते. श्रेय कॅपॅसिटरला. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच.

मीटर एसी व्होल्टवर ठेवून सॉकेटमध्ये तीन मोजमापं घ्या. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी हवीत, तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थमध्ये वीस-तीस दिसले तर ॲम्प बाजूला ठेवा आणि खड्ड्याकडे जा. डिजिटल मीटर फार कमी करंट ओढतो, त्यामुळे कमजोर अर्थिंगलाही कधीकधी तो ‘चांगलं आहे’ म्हणतो. शंका असेल तर लोड लावून तपासायचं काम वायरमनला सांगा, स्वतः फेज आणि अर्थमध्ये दिवा लावत बसू नका. खड्ड्यात मीठ-कोळसा असेल तर उन्हाळाभर आठवड्यातून एक-दोनदा बादलीभर पाणी घाला. भेगा बुजवा. पट्टीचा नट गंजलाय का ते बघा.

मिक्सर एका बोर्डावर आणि ॲम्प पार दुसऱ्या खोलीतल्या बोर्डावर असेल तर दोन अर्थांमध्ये फरक पडून घूं येते. दोन्ही एकाच बोर्डावर घ्या. घूं घालवायला तिसरी पिन तोडणं किंवा दोन पिनांचा ॲडॉप्टर घालणं हा उपाय मला कुणी सुचवला की मी मशीन घेतच नाही. घूं जाते, खरं आहे. माणूसही जाऊ शकतो. गिटार वाजवणारा गातसुद्धा असेल तर हात तारांवर आणि ओठ माइकला. तारा ॲम्पच्या चॅसिसला, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला, जोडलेल्या, माइक मिक्सरमार्फत अर्थला. चॅसिसवर करंट उतरला तर तो हातातून छातीमार्गे ओठांकडे जातो. ‘माइकला ओठ लागले की झिणझिण्या येतात’ हे ऐकून हसण्यावारी नेऊ नका.

कार्यक्रमाआधी एक तपासणी करा. मीटर एसीवर, एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला. एक-दोन व्होल्टच्या वर काही दिसलं तर गाणं सुरू करायचं नाही. जुन्या अमेरिकन दोन-पिनी ॲम्पमध्ये मेन्सच्या एका वायरीतून चॅसिसला कॅपॅसिटर जोडलेला असतो. तो लीक झाला की चॅसिसवर सरळ मेन्स येते. असा ॲम्प तीन तारांची केबल बसवून आणि तो कॅपॅसिटर काढून घेतल्याशिवाय वापरायचाच नाही, आणि हे काम जाणकाराचं आहे. स्टेपडाउनलाही बघा. बाजारातल्या बऱ्याच स्टेपडाउनना बाहेर दोनच भोकं असतात, म्हणजे ॲम्पला तीन पिना असूनही अर्थ पोचत नाही.

घूंचा सूर ओळखा

गिटारवाल्यांसाठी सोपी युक्ती. आपली लाइन ५० हर्ट्झची. अर्थिंगमधून, केबलमधून किंवा फिलामेंटच्या वायरीतून शिरलेली घूं ५० ची असते. हाय टेन्शन गाळणारे कॅपॅसिटर सुकले असतील तर मात्र घूं १०० ची येते, कारण फुल वेव्ह रेक्टिफायर लाटेच्या दोन्ही बाजू एकाच दिशेला वळवतो. सर्वात जाड तार तिसऱ्या पडद्यावर दाबली की ९८ हर्ट्झचा सूर निघतो. घूं त्याच्याशी जवळपास जुळली तर दोष सप्लायमध्ये असण्याची शक्यता जास्त. त्याच्या एक सप्तक खाली असेल तर अजून डब्याबाहेरच शोधा. मोबाइलवरचा ट्यूनरही हे काम करतो. फक्त मोबाइलचा माइक ५० हर्ट्झ नीट ऐकत नाही, म्हणून कानावर जास्त भरवसा ठेवा.

१०० ची घूं म्हणजे कॅपॅसिटरच गेला असंही नाही. दोन आउटपुट व्हॉल्व्ह जोडीने चालणाऱ्या, पुशपुल ॲम्पमध्ये सप्लायची घूं दोन्ही बाजूंनी येऊन आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकींना मारते. एक व्हॉल्व्ह म्हातारा झाला की ती मरत नाही. कॅपॅसिटर बदलूनही थोडी घूं राहते ती कधीकधी यामुळे. एकाच आउटपुट व्हॉल्व्हच्या छोट्या ॲम्पमध्ये ही सोय नसते, तिथे थोडी घूं जन्माचीच असते. मागे हम बॅलन्सचं छोटं बटण असेल तर सर्वात शांत जागी फिरवून ठेवा.

व्हॉल्व्ह आणि त्यांचे पाय

आता मागची जाळी काढायची. प्लग भिंतीतून बाहेर, वीसएक मिनिटं थंड होऊ द्या. स्पीकर जोडलेलाच ठेवा. स्पीकर सोडून व्हॉल्व्हचा ॲम्प वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

टॉर्च मारून आधी नुसतं बघा. काचेच्या आतला आरशासारखा चमकदार डाग पांढरा, दुधाळ झाला असेल तर आत हवा शिरली, तो व्हॉल्व्ह संपला. आमच्याकडे धूळ, कोळ्याची जाळी, मुंग्या आणि पाल यांची भर असते. मऊ ब्रशने काढा, फुंकर मारू नका, तोंडातली ओल जाते.

मग एकेक व्हॉल्व्ह सरळ वर उचला, गोल फिरवू नका. पायांना कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रॉपिल अल्कोहोल लावा, आत-बाहेर चार-पाच वेळा करा आणि पूर्ण वाळू द्या. तडतडीच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. पावसाळ्यातली दमट हवा आणि वर्षभराचा फुफाटा यांनी पायांवर काळा थर येतो, तो दिसतोसुद्धा.

तडतड किंवा ‘टण्ण’ राहिली तर चालू ॲम्पमध्ये व्हॉल्व्हला पेन्सिलच्या लाकडी टोकाने हलकी टिचकी मारा. पहिल्या व्हॉल्व्हमधून थोडा आवाज येणारच, पण घंटा वाजली तर तो बदला. ईसीसी८३ आणि १२एएक्स७ एकच. दोन सारखे असतील तर बंद करून अदलाबदल करा. दोष व्हॉल्व्हबरोबर सरकला तर व्हॉल्व्ह वाईट, जागेवरच राहिला तर जागा वाईट. एक सावधगिरी: ईएल८४ लाही नऊच पाय असतात आणि तो १२एएक्स७ च्या जागी आरामात बसतो. जोडण्या मात्र वेगळ्या. काढतानाच काचेवर स्केचपेनने नंबर टाका.

घूं कुठून सुरू होते ते शोधायलाही हाच मार्ग. बंद करून पहिला व्हॉल्व्ह काढा, चालू करून ऐका. घूं गेली तर ती त्याच पायरीवर होती. राहिली तर पुढचा. आउटपुटच्या आधीचा शेवटचा छोटा व्हॉल्व्ह काढल्यावरही घूं तितकीच असेल तर ती आउटपुटमध्ये किंवा सप्लायमध्ये आहे. चाचणी मिनिटभरात उरका, आउटपुट व्हॉल्व्ह काढून ॲम्प चालवू नका.

जुन्या रेडिओवाल्यांच्या डब्यात बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, म्हणजे बीईएलचे, न वापरलेले ईसीसी८३ आणि ईएल८४ अजून सापडतात. मिळाले तर घ्या. नवे हवेत तर स्लोव्हाकिया, रशिया किंवा चीनचे येतात. छोटे-मोठे पार्ट पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर.

बटणं फिरवताना खरखर येत असेल तर क्लीनर मारून वीसेक वेळा फिरवा. साफ करूनही खरखर राहिली तर धूळ दोषी नाही. बहुतेक आधीच्या पायरीचा कपलिंग कॅपॅसिटर (दोन पायऱ्या जोडणारा) लीक होऊन बटणावर डीसी येतोय. ही खूण पुढच्या माणसाला जरूर सांगा.

इथे थांबायचं

चॅसिस बाहेर काढण्याआधी हे वाचा. प्लग काढल्यानंतरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये ३०० ते ४५० व्होल्ट डीसी तासन्‌तास राहू शकतात. घरातली वायरिंग केलेला, मोटार बांधणारा, टीव्ही दुरुस्त करणारा, कुणीही असलात तरी डीसी हाय टेन्शन उतरवून मोजायची सवय नसेल तर तुमचं काम इथे संपलं. याखेरीज चॅसिसला हात लावून झिणझिण्या, लाल होणारा पत्रा, पुन्हा उडालेला फ्यूज, ट्रान्सफॉर्मरमधून डांबर गळणं किंवा जळका वास, यातलं काहीही असेल तर पुन्हा चालू करून बघू नका. फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटची चांदी तर नकोच. फ्यूज वाचवतो तो ट्रान्सफॉर्मर आता सहज मिळत नाही. मोटार रिवाइंडिंगवाला “बांधून देतो” म्हणेल. मेन्सचा कदाचित बांधेलही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी थरांमध्ये विभागलेली असते, ती पंपाच्या मोटारीसारखी बांधली तर आवाज गेलाच समजा.

ज्यांना आत जायची सवय आहे, त्यांच्यासाठी

थोडक्यात. १० किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर, दोन्ही टोकांना इन्सुलेटेड क्लिप, एक चॅसिसला, एक कॅपॅसिटरच्या पॉझिटिव्हला, अर्धा मिनिट. मग मीटरने शून्याजवळ आल्याची खात्री. एक हात खिशात. पेचकसने शॉर्ट करून ठिणगी पाडणारे आहेत, त्यांचं अनुकरण नको.

कॅपॅसिटर बदलायचेच असतील तर ८५ अंशांचे न घेता १०५ अंशांचे घ्या. तापमान दर दहा अंशांनी उतरलं की इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं. परभणीत मे महिन्यात बाहेरच ४२-४३ अंश, आत शेजारी ईएल८४ तापलेला, तिथे हा वीस अंशांचा फरक मोठा आहे. व्होल्ट ५०० चे मिळाले तर उत्तम. क्षमता मात्र मूळ आकड्याच्या आसपासच ठेवा. घूं मारायला रेक्टिफायर व्हॉल्व्हनंतरच्या पहिल्याच जागी २२० मायक्रोफॅरड घातलेले ॲम्प मी उघडलेत. जीझेड३४ या रेक्टिफायर व्हॉल्व्हला पहिल्या जागी ६० मायक्रोफॅरडच्या वर चालत नाही. चालू करताना रिकामा कॅपॅसिटर इतका करंट ओढतो की रेक्टिफायरच बसतो. घूं गेली, पण चार महिन्यांनी फ्यूज उडायला लागतात.

आउटपुट ईएल८४ च्या २ नंबर पायावर डीसी मोजा. कॅथोड बायसच्या ॲम्पमध्ये तिथे शून्य हवं. एखादा व्होल्टसुद्धा पॉझिटिव्ह दिसला तर आधीचा कपलिंग कॅपॅसिटर बदला. पत्रा लाल होण्याचं हे पहिलं कारण. तडतड व्हॉल्व्ह बदलूनही राहिली तर प्रीॲम्पच्या प्लेटवरचे १०० किलोओहमचे जुने कार्बन रेझिस्टर बदला.

काम झाल्यावर पहिल्यांदा सरळ मेन्सवर लावू नका. सिरीज बोर्डावर, १०० वॉटच्या साध्या पिवळ्या बल्बमधून. एलईडी चालत नाही. बल्ब चमकून मंद झाला तर पुढे जा. झगझगीत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

बाहेरगावी दुरुस्तीला पाठवायचा असेल तर एसटीत चढवण्याआधी सगळे व्हॉल्व्ह काढून जुन्या कापडात वेगवेगळे गुंडाळा, कुठला कुठे होता ते चिठ्ठीवर लिहा. स्पीकर डब्यातच असेल तर वेगळा करू नका. सोबत दुसरी चिठ्ठी द्या: घूं ५० ची की १०० ची, सॉकेटला व्होल्टेज किती, पिन काढल्यावर जाते का, आणि कोणत्या महिन्यात सुरू झाली. बदललेले जुने पार्ट परत मागून घ्या, पिशवीत घालून.